थिअरी टेस्टला जाताना: पेहराव, झडती आणि वागणूक

सुकाणू:
लायसन्सच्या थिअरी टेस्टला कसंही गेलं तरी चालतं, मार्क शेवटी संगणकच देतो, हे मला मुळीच पटत नाही. नीटनेटके कपडे, वेळेआधी हजेरी, आत तोंडातून शब्द नाही आणि झडती घेतली तर कपाळाला आठी न घालता सहकार्य, एवढं प्रत्येकाने पाळावं. ज्याला तासभर नियम पाळवत नाहीत, तो रस्त्यावर काय पाळणार?

न्यूट्रल:
असहमत. शर्टाला इस्त्री असली म्हणून 'थांबा' आणि 'वाट द्या' या पाट्यांतला फरक कळतो का? रात्रपाळी संपवून मळक्या कपड्यांत थेट आलेल्या माणसाला दारावर आपादमस्तक न्याहाळतात, ते कशासाठी?

झेब्रा:
इस्त्रीचं सोडा, तिथे न्यूट्रल यांचं बरोबर आहे. पण कपड्यांचा काही संबंधच नाही, असंही नाही. ब्रिटनमध्ये फोन, घड्याळ, इअरफोन सगळं लॉकरमध्ये ठेवायला लावतात. खिसे रिकामे करा, बाह्या वर करा, असंही सांगू शकतात. कानात बारीकसं ब्लूटूथ आणि बाहेरून उत्तरं सांगणारा जोडीदार, असे प्रकार तिथे उघडकीला आलेत. पैसे घेऊन दुसऱ्याच्या नावावर परीक्षा देणारे तोतये तर तुरुंगात गेलेत. म्हणून बाही सहज दुमडता यावी, केस कानामागे घेता यावेत आणि चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोशी जुळावा. ओळखपत्र विसरलात तर तिथे परीक्षाही नाही आणि फीही परत नाही.

न्यूट्रल:
तोतये जरूर पकडा. पण झडती सगळ्यांची सारखीच हवी. कुणाचा पेहराव वेगळा दिसला म्हणून त्याला जास्त वेळ उभं करायचं आणि बाकीच्यांना सरळ आत सोडायचं, हे चालणार नाही. चेहऱ्यावरचं वस्त्र बाजूला करायचं असेल तर वेगळी खोली आणि स्त्री कर्मचारी हवी. असं मागणाऱ्या बाईला 'सहकार्य करत नाही' म्हणू नये.

सुकाणू:
हे मान्य. नीटनेटकेपणाचा आग्रह मात्र कायम.

लुकलुक:
झडती दोन मिनिटांत संपते हो, खरा त्रास आत होतो! शेजारचा प्रश्न पुटपुटत वाचतो, पाय हलवतो आणि आपलं टेबल थरथरतं. ब्रिटनच्या परीक्षेत ५७ मिनिटांत ५० प्रश्न, त्यातले ४३ बरोबर यावे लागतात. त्यानंतर धोका ओळखण्याच्या १४ व्हिडिओ क्लिप. उभ्या गाडीमागून कुणी रस्त्यावर यायला लागलं की लगेच क्लिक करायचं, उशीर होईल तसे मार्क कमी. नेमकं तेव्हाच शेजारी खुर्ची सरकली तर नजर हलणारच. आणि एका ठेक्यात नुसतं क्लिक करत राहिलं तर त्या क्लिपला शून्य. म्हणजे तिथे संगणकही वागणूक तपासतोच.

तिरपी रेघ:
पुटपुटण्याबद्दल जरा जपून. डिस्लेक्सिया असलेल्या अनेकांना ओठ हलवल्याशिवाय वाक्य लागत नाही. हेडफोनवर प्रश्न ऐकायची किंवा जादा वेळेची सोय तिथे मागता येते, पण ती आधी मागायची असते आणि कितीतरी जणांना हे कुणी सांगतच नाही.

लुकलुक:
मग सोय मागावी. त्याचा भुर्दंड शेजारच्याने का सोसायचा?

तिरपी रेघ:
सोसू नये. पण पर्यवेक्षकाने आधी जवळ येऊन हळूच विचारावं, "काही अडचण आहे का?" ताकीद त्यानंतर.