शब्दचर्चा : 'अर्धसूत्री विभाजन' यातलं अर्ध कशाचं?

विचारणा (रामबाग, इंदूर)
मुलगी अकरावीत, जीवशास्त्र हिंदीतून. घरी मी मराठी पुस्तकातून समजावते. तिच्या पुस्तकात 'अर्धसूत्री विभाजन' (बीजांड आणि शुक्राणू तयार होतानाचं पेशीविभाजन) आहे, माझ्याकडच्यात 'अर्धगुणसूत्री'. शिवाय तिच्याकडे 'अर्धगुणसूत्र' असाही शब्द आहे. म्हणजे या विभाजनात गुणसूत्र (पेशीकेंद्रकातला डीएनएचा धागा, क्रोमोसोम) मधोमध चिरलं जातं का?

उत्तर
नाही ताई. दोन्हीकडे 'अर्ध' असलं तरी अर्थ निराळे आहेत.

'अर्धगुणसूत्र' म्हणजे क्रोमॅटिड. विभाजनाआधी डीएनएची प्रत निघते आणि प्रत्येक गुणसूत्र दोन हुबेहूब धाग्यांचं होतं, गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेलं. त्यातला एक धागा म्हणजे अर्धगुणसूत्र. दोन धागे झाले तरी माणसाच्या पेशीत गुणसूत्रं 46च मोजायची, मुलं इथेच अडखळतात.

'अर्धसूत्री'तलं अर्ध संख्येचं : 46 ची 23. पण कोणतीही 23 नव्हेत, प्रत्येक जोडीतलं एक. जोडी म्हणजे एक आईकडचं, एक वडिलांकडचं. यांना आपण सजातीय म्हणतो, हिंदीत समजात. विभाजन दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात जोड्या फुटतात आणि संख्या निम्मी होते. दुसऱ्यात धागे सुटे होतात, साध्या सूत्री विभाजनासारखे, म्हणजे संख्या न बदलणाऱ्या नेहमीच्या पेशीविभाजनासारखे. मुलीला हे कागदावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी काढायला सांगा, जोडीतलं एक लाल, एक निळं. पहिल्या टप्प्यात लाल-निळं वेगळं होताना दिसलं की शब्द आपोआप उलगडतो.

इंग्रजीत याला 'मायोसिस' म्हणतात, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'कमी होणे' असाच आहे. फार्मर आणि मूर या जीवशास्त्रज्ञांनी तो 1905 मध्ये रूढ केला. तेव्हा 'अर्धसूत्री' चांगलाच शब्द आहे. मला खटकतो तो हिंदी पुस्तकातला 'अगुणित'. गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या पेशीला मराठीतलं 'एकगुणित' कितीतरी स्वच्छ.

आणखी एक
आपण म्हणतो, 'पोर आजोळच्या वळणावर गेलंय.' याला शास्त्रात काही आधार आहे का? आजी-आजोबांचा वाटा पाव-पाव ठरलेलाच ना?

उत्तर
पेशीकेंद्रकातल्या गुणसूत्रांचं म्हणाल तर आई-वडिलांचा वाटा निम्मा-निम्मा, तो ठरलेला. आजी-आजोबांचा पाव फक्त सरासरीने. आईच्या प्रत्येक जोडीत एक आजीकडून आलेलं, एक आजोबांकडून. बीजांडात त्यातलं कोणतं उतरेल हे जोडीगणिक स्वतंत्रपणे ठरतं. 23 जोड्यांचे सुमारे 84 लाख मेळ होतात. त्यातच पहिल्या टप्प्यात सजातीय गुणसूत्रं बिलगून तुकड्यांची अदलाबदल करतात, म्हणून सख्खी भावंडंही वेगळी निघतात. तेव्हा एखाद्या नातवात आजीचा वाटा थोडा जास्त, आजोबांचा थोडा कमी, असं खरोखर घडतं. मात्र नाक-डोळ्यांवरून तो वाटा मोजू नये. चेहरा बऱ्याच जनुकांनी, म्हणजे गुणसूत्रांवरच्या आनुवंशिक गुणांच्या घटकांनी, मिळून घडतो.

(हिंदीत 'जीन', मराठीत 'जनुक'. घरी जनुकच म्हणा.)

विचारणा
'वाहक' या शब्दाचं काय? मध्य प्रदेशात झाबुआ-अलीराजपूरकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीत तो सारखा कानावर येतो.

उत्तर
हा शब्द जपून वापरायला हवा. वाहक म्हटलं की रोग पसरवणारा डास आठवतो. सिकलसेलचा वाहक कुणालाही रोग लावत नाही. त्याच्याकडे त्या जनुकाची एक प्रत बदललेली, एक नेहमीची असते आणि सहसा त्याला त्रास नसतो. हा आजार अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच होतो. शहडोलहून 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, त्यात तपासणीबरोबर समुपदेशनावर भर आहे. तिथे निव्वळ 'वाहक' न म्हणता 'एक बदललेली प्रत असलेला' असंही सांगावं असं मला मनापासून वाटतं.

आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराची शक्यता 25 टक्के. 'चारात एक' ऐकून पहिलं मूल आजारी निघालं की पुढची तीन सुटली, असा हिशेब कुणी करू नये. दर खेपेला बीजांड आणि शुक्राणू नव्याने तयार झालेले असतात, आणि चारात एक ही शक्यता पुन्हा तेवढीच असते.