अनुभव धागा : पाळीची नोकरी आणि नैराश्यावरचे उपचार

नोकरी न सोडता नैराश्यावरचे उपचार कसे निभावायचे? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींनी आपापल्या कामातलं नेमकं लिहावं.

पोलीस ठाण्यात ड्युटी लावणारा
झोप मोडली की उपचार मोडतात. कर्नाटक राज्योत्सव, गणपती विसर्जन, सुवर्णसौधचं (बेळगावातल्या विधानभवनाचं) अधिवेशन यांचा बंदोबस्त आधीच माहीत असतो. गोळ्या चालू असलेल्याला सलग रात्रपाळ्या लावू नका. चौकशी हजेरीत सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन करा : "झोप लागते काय? जेवण जातंय काय?" बोलणं निरवानिरवीचं वाटलं तर सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतं काय. विचारल्यानं तसला विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर शस्त्र लगेच जमा करून घ्यायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. शस्त्र काढून घेतलं की माणसाला शिक्षा झाल्यासारखं वाटतं. म्हणून ते साहेबांनी स्वतः, चारचौघांत नव्हे, समजावून सांगावं. पुढं टपाल, वायरलेस अशी कामं देता येतात.

तालुका दवाखान्यातली नर्स
"मन उदास आहे" असं कोण म्हणत नाही. अंग दुखतं, पित्त होतं, पहाटे तीनला जाग येते, अशी तक्रार असते. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात. २७ पैकी १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथं शून्याच्या वर काहीही आलं तर एकूण बेरीज बघत बसू नका, थेट डॉक्टरांकडे. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. मोठ्या उपचारांना धारवाडचं डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय ठेवावी लागते, हे भिणाऱ्याला आवर्जून सांगा.

औषध दुकानदार
एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्यावरच्या गोळीनं मळमळ पहिल्याच आठवड्यात होते, गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. त्रास आधी, आराम नंतर, म्हणून गोळी सुटते ती याच मधल्या दिवसांत. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवावी लागते. एकदम थांबवली तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखे होतात. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. पाळी बदलत असेल तर दोन्ही पाळ्यांत जागे असाल अशी एकच वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. बंदोबस्ताला जाताना दोन दिवसांच्या गोळ्या जादा ठेवा, मुक्काम वाढतो.

उद्यमबागेतला फाउंड्री सुपरवायझर
नव्या गोळीनं गुंगी येत असेल तोवर त्याला भट्टी, लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं), क्रेन यांचं काम बंद. कोअर शॉपमध्ये (साच्यातले वाळूचे गाभे करतात तिथं) किंवा तपासणीच्या टेबलावर बसवा, हजेरी आणि पगार तोच ठेवा. पगार कापला की पुढचा माणूस गोळी लपवून भट्टीवर उभा राहतो.