मैल, किलोमीटर आणि वेगाच्या पाट्या : तुमचे अनुभव

आयर्लंडमध्ये २० जानेवारी २००५ला वेगमर्यादा मैलांवरून किलोमीटरवर आल्या. ऑस्ट्रेलियाने हे १९७४मध्ये केलं, कॅनडाने १९७७मध्ये. ब्रिटन आणि अमेरिका अजून मैलांतच. असा बदल किंवा अशी सीमा गाडी चालवताना अनुभवली असेल तर इथे नक्की लिहा.

सुरुवात मी करते. डब्लिनहून उत्तर आयर्लंडमधल्या, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतल्या, बेलफास्टला निघालो होतो. न्यूरीच्या अलीकडे सीमा कधी ओलांडली कळलंच नाही, ना चौकी ना फाटक. पुढे ५०ची पाटी दिसली म्हणून काटा ५०वर आणला, तर मागची गाडी अगदी जवळ येऊन दिवे मारायला लागली. तिथे ५० म्हणजे आपले ८०! आयर्लंडच्या पाटीवर आकड्याखाली एकक छापलेलं असतं, पलीकडे नुसता आकडा. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

*

२००५ला मी आयर्लंडमध्येच होतो. गाडी जुनी, मीटर मैलांचा. काट्याखाली कागदाची पट्टी चिकटवली होती : ५०ला ३०, ८०ला ५०, १००ला ६२, १२०ला ७५. वर्षभर ती तशीच होती. पण तेव्हा नुसता गुणाकार झाला नव्हता बरं का. गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर ६० मैल, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटरची मुभा होती, ती ८०वर आणली. मोटरवेवर ७० मैलांचे, म्हणजे ११३ किलोमीटरचे, १२० केले. २०२५मध्ये त्या गावाकडच्या रस्त्यांची मर्यादा ६० झाली. आकडा पुन्हा ६०च, पण किलोमीटरमध्ये. मला हा निर्णय मनापासून पटला. त्या वळणांवर समोरचं काही दिसत नाही.

*

अमेरिकेतली गाडी घेऊन कॅनडात गेलो. मीटरवर किलोमीटरचे आकडे आतल्या बाजूला, बारीक. रात्री ते वाचायचे की रस्ता बघायचा? शेवटी बायको शेजारी बसून वेग सांगत होती.

*

माझं डब्लिन-बेलफास्टवाल्या अनुभवाच्या उलट झालं, आणि ते जास्त वाईट. बेलफास्टला भाड्याने घेतलेली गाडी, काउंटरवर कुणी चकार शब्द बोललं नाही. सीमा ओलांडून दक्षिणेत, आयर्लंडमधल्या एका गावात शिरताना ५० दिसले, मी काटा ५०वर ठेवला, मैलांच्या. म्हणजे भरवस्तीत ८०. कडेला मुलीचा हात धरून उभी असलेली बाई तिला घेऊन झटकन मागे सरकली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

*

मी डोक्यात एक माळ ठेवते : २०, ३०, ५०, ८०, १३०. मैलांचा आकडा पकडायचा, पुढचा तो किलोमीटरचा. थोडं इकडेतिकडे होतं, पण गाडी चालवताना तेवढं पुरतं.