सीके वन : घरातल्या पहिल्या ताज्या सुगंधाच्या आठवणी

सायली
परवा भाची कार्यक्रमाला निघाली आणि तिच्यामागे जिन्यापर्यंत कॅल्विन क्लाइनच्या सीके वन या परफ्यूमचा वास दरवळत राहिला. आमच्या घरी सुगंध म्हणजे दिवाळीच्या पहाटेचा अत्तराचा फाया, एवढेच ठाऊक होते. १९९४ साली हे परफ्यूम बाजारात आले आणि पुढे केव्हातरी अमेरिकेतल्या मावशीने बॅगेतून ती फिरकीच्या झाकणाची, धुरकट काचेची बाटली काढली. कोणासाठी आणलीस, असे आईने विचारले, तेव्हा मावशी म्हणाली, "दोघांसाठी." बायकांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे अशी वाटणी सर्वत्र असताना भावाने आणि मी एकच बाटली वापरावी, याचे मला फार अप्रूप वाटले. आधी लिंबू आणि बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाचा तरतरीतपणा, मग ग्रीन टीसारखी हिरवट छटा आणि शेवटी स्वच्छ धुतलेल्या त्वचेसारखी मंद कस्तुरी, हा क्रम आजही तसाच जाणवतो. तुमच्या आठवणी अवश्य लिहा.

केवडा
आमच्या पुण्यातल्या वसतिगृहात ही बाटली एकीची होती आणि मुलाखतीला जाणारी प्रत्येकजण तिची परवानगी घेऊन मनगटाला लावत असे. गोड, जड वासाने समोरचा दबून जातो, तसे याने कधी झाले नाही.

बंदरकर
सुगंध उत्तम आहे, याविषयी दुमत नाही. परंतु मुंबईच्या दमट उन्हाळ्यात डोंबिवलीला लावलेला वास दादर येईपर्यंत उरत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

रसशाळा
बंदरकरदादा, तुमची खंत खरी आहे, पण तो या सुगंधाचा स्वभावच आहे. नागपुरी संत्रे सोलताना सालीतून जो फवारा उडतो, त्यातले लिमोनीन लिंबूवर्गीय तेलांत भरपूर असते; त्याचे रेणू हलके असल्याने ते चटकन उडून जाते आणि उष्णतेत तर अधिकच लवकर. मागे उरतात ते कस्तुरीचे जड कृत्रिम रेणू, आणि त्यांतल्या काहींचा वास कित्येकांच्या नाकाला मुळीच येत नाही. त्यामुळे वास गेला असे आपल्याला वाटते, तेव्हा तो शेजारच्या प्रवाशाला येत असण्याची शक्यता असते. मधला मोकळा, हवेशीर भाग मला सर्वांत प्रिय आहे. त्यामागे हेडिओन नावाचे जाईच्या वळणाचे द्रव्य आहे. सुगंधकार एदमों रुदनित्स्का यांनी १९६६च्या 'ओ सोव्हाज' या परफ्यूममध्ये ते वापरले आणि ताज्या सुगंधांची वाटच बदलली. सीके वन घडवणारे अल्बेर्तो मोरियास आणि हॅरी फ्रेमाँ त्याच वाटेवरचे आहेत, असे मी मानतो.

बंदरकर
रसशाळा, मनापासून आभार. आता बायकोला विचारून पाहतो.

मृद्गंध
मला त्याच्या जाहिराती आठवतात. स्टीव्हन मायझेल यांच्या कृष्णधवल छायाचित्रांत मॉडेल केट मॉससह तरुण मुलामुलींचा घोळका साध्या कपड्यांत उभा असे, आणि श्रीमंतीचा थाट नसलेले परफ्यूम असू शकते, हे मला त्यातून प्रथम कळले. अमेरिकेत तर ते टॉवर रेकॉर्ड्ससारख्या संगीताच्या दुकानांतही विकले गेले.

अबोली
माझा जीव मात्र वाळ्याच्या अत्तरात आहे. उन्हाळ्यात त्याच्याइतका गारवा दुसरे काही देत नाही. तरीही रुग्णालयात रात्रपाळीला असताना मी सीके वनच वापरत असे, कारण जवळ गेल्याशिवाय ते जाणवत नाही आणि रुग्णांना त्याचा त्रास होत नाही. सायलीताई, जुनी बाटली अजून जवळ असेल तर वास टिकला आहे का?

सायली
अबोली, कपाटात अंधारात ठेवलेली आहे. कस्तुरी शाबूत आहे, लिंबाचा भाग मात्र आंबूस झाला आहे. नवी घेतलीस तर खिडकीत ठेवू नकोस, उन्हाने आधी तोच भाग बिघडतो.