लहानपणीचा गेम मोठेपणी पुन्हा खेळताना: ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’विषयी एक प्रश्न

प्रश्न

लहानपणी संगणकावर खेळलेल्या पहिल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची डॉस (जुन्या पीसीवरील कार्यप्रणाली) आवृत्ती मी अलीकडे पुन्हा खेळून पाहिली. तेव्हा हा खेळ माझ्याकडून कधीच पूर्ण झाला नव्हता. तिसऱ्या लेव्हलमध्ये अचानक उठून तलवार उगारणाऱ्या सांगाड्याच्या पलीकडे जाता आले, तरी ती मोठी मजल वाटायची. या वेळी इम्युलेटरमधील (जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे खेळ चालवणाऱ्या प्रोग्राममधील) सेव्ह स्टेटची, म्हणजे खेळ कुठल्याही क्षणी जसाच्या तसा जतन करण्याची, सोय वापरली, दर काही पावलांनी खेळ जतन करत एकाच बैठकीत शेवट गाठला, वझीर जाफरला हरवले आणि राजकन्येची सुटका केली. तरीही मनात फारसे काही हलले नाही.

त्याहून अधिक खटकली ती राजपुत्राची चाल. माझ्या आठवणीत तो अतिशय चपळ होता. प्रत्यक्षात मात्र कळ सोडली तरी तो लगेच थांबत नाही, मागे वळायला वेळ घेतो आणि लांब उडीसाठी त्याला आधी धावायला जागा लागते. मूळ खेळच असा अवघडलेला होता आणि लहानपणी ते जाणवले नाही, की नव्या पडद्यामुळे आणि इम्युलेटरमुळे त्यात फरक पडला आहे? की असे खेळ मोठेपणी पुन्हा उघडूच नयेत?

प्रतिसाद १

आधी यंत्राची बाजू पाहू, कारण ती तपासणे सोपे आहे. डॉसवरील हे चित्र ३२० बाय २०० बिंदूंचे असे आणि ते ४:३ प्रमाणाच्या मॉनिटरवर उभे ताणून दिसत असे, म्हणजे प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा थोडा उंच असे. आजच्या रुंद पडद्यावर तेच चित्र कडेपर्यंत पसरू दिले, तर राजपुत्र बुटका आणि जाड दिसतो, आणि त्याच्या हालचालीतील डौल तिथेच निम्मा संपतो. डॉसबॉक्स या डॉसच्या इम्युलेटरमध्ये मूळ प्रमाण राखण्याची सेटिंग आहे, ती चालू करावी. टीव्हीवर खेळत असाल, तर कळ दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंतचा विलंब कमी करणारा त्याचा गेम मोडही सुरू ठेवा.

मात्र चाल जड वाटण्याचा सगळा दोष पडद्यावर टाकता येणार नाही. हा खेळ स्वतःच सेकंदाला साधारण १२ चित्रांच्या ठेक्यावर चालतो, आणि त्याच्या तुलनेत चांगल्या पडद्याचा विलंब किरकोळ आहे. आपल्याला जे जाणवले, ते बहुतांशी मूळ खेळातलेच आहे.

प्रतिसाद २

वरील माहितीशी मी सहमत आहे, परंतु ‘अवघडलेला’ या वर्णनाशी नाही. हा खेळ घडवणारे जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्या चौकटींवरून राजपुत्राची एकेक मुद्रा रेखाटली. त्यामुळे या आकृतीला वजन आहे. धावणारा माणूस जसा दोन पावले पुढे जाऊन थांबतो, तसाच तो थांबतो, आणि एकदा सुरू झालेली हालचाल पुरी झाल्याखेरीज दुसरी सुरू होत नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये उडी मारल्यानंतर हवेतही दिशा बदलता येते, इथे उडी मारली की निर्णय झाला. म्हणून या खेळात कौशल्य बोटांच्या वेगात कमी आणि आधी विचार करण्यात जास्त आहे. शिफ्ट दाबून जपून टाकलेल्या पावलांनी जमिनीतल्या टोकदार सुळ्यांमधून सुखरूप जाता येते, कोसळताना शिफ्ट धरून ठेवली तर कठड्याला लोंबकळता येते, आणि कडेपाशी टाकलेले जपून पाऊल नेमके कडेवर थांबते. हे तीन नियम अंगवळणी पडले की चाल जड वाटेनाशी होते, असा माझा अनुभव आहे.

आता सेव्ह स्टेटविषयी. हा खेळ ६० मिनिटांचा आहे. राजपुत्र मेला तर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही. मृत्यूची किंमत मिनिटांत मोजावी लागते, आणि सारा ताण याच एका नियमावर उभा आहे. दर काही पावलांनी खेळ जतन केला, तर घड्याळही प्रत्येक वेळी मागे फिरते. मग जमिनीतून वर येणारे सुळे, दातांसारखी मिटणारी पाती आणि पायाखालून निसटणाऱ्या फरशा ही केवळ सजावट उरते. मनात काही हलले नाही असे आपण लिहिले आहे; माझ्या मते त्याचे मुख्य कारण हेच आहे.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती मला मोठेपणीच उमगली. चौथ्या लेव्हलमध्ये वाटेत आरसा उभा राहतो. त्यातून धावत उडी मारली की राजपुत्राच्या ताकदीची एकच खूण उरते आणि पलीकडून त्याची सावली निघून जाते. पुढे हीच सावली आपल्या डोळ्यांदेखत औषधाची कुपी पिऊन टाकते, दरवाजा बंद करून आपल्याला खाली पाडते आणि बाराव्या लेव्हलमध्ये तलवार घेऊन समोर येते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करून तिच्याकडे चालत गेले, की दोघे एक होतात. हा खेळ मुळात ज्यासाठी बनला त्या ॲपल टू संगणकावर आणखी एका पात्राची चित्रे ठेवायला मेमरी शिल्लक नव्हती, म्हणून मेकनर यांनी राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून स्वतःवरच छापली आणि त्यातून ती लुकलुकणारी आकृती तयार झाली. स्वतःशी लढू नये, हा या खेळाचा गाभा जागेच्या टंचाईतून आला आहे, हे कळल्यापासून या गेमविषयीचा माझा आदर दुणावला. लहानपणी आपल्याला फक्त एक भीतिदायक शत्रू दिसत होता.

प्रतिसाद ३

दुसऱ्या प्रतिसादातील माहिती उत्तम आहे, पण सेव्ह स्टेटला सरसकट दोष देणे मला पटत नाही. मोठ्या माणसाला सलग मोकळा वेळ मिळत नाही, आणि मदत घेण्याची परंपरा खेळ बनवणाऱ्यांनीच सुरू केली आहे. ‘ग्रेडियस’ या अंतराळयानाच्या खेळाची १९८६ ची फॅमिकॉम (निन्टेन्डोचे घरगुती गेम-यंत्र) आवृत्ती तयार करताना तिचे निर्माते काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःलाच ती फार कठीण जात होती, म्हणून त्यांनी वर-वर-खाली-खाली अशी सुरुवात असलेला, खेळ सोपा करणारा तो प्रसिद्ध कळक्रम त्यात घातला, पुढे त्याच क्रमाने ‘काँट्रा’ या दुसऱ्या खेळात ३० जीव मिळू लागले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्येही सारे जीव संपल्यावर ए कळ दाबून धरून स्टार्ट दाबले, की हरलेल्या वर्ल्डपासून (टप्प्यापासून) पुन्हा सुरुवात करता येते. कित्येक मुलांनी हे ठाऊक नसल्यामुळे तो खेळ वर्षानुवर्षे पहिल्यापासून खेळला. त्या कष्टांना मी पावित्र्य देणार नाही.

शिवाय काही जुने खेळ खरोखरच सुमार असतात, आणि ते तसे वाटले तर आपल्यात काही उणीव आहे असे मानू नये. साधारण १० ते ३० या वयातील आठवणी माणसाच्या मनात अधिक ठळक राहतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. त्या ठळकपणाचे सारे श्रेय खेळाला देण्याचे कारण नाही. बरोबर बसलेले भावंड, कळ कोणी दाबायची यावरून झालेली भांडणे, उद्या काय करून पाहायचे याची रात्रभर चाललेली चर्चा, हे सारे डिस्कवर कधीच नव्हते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पडद्याचे प्रमाण बदलून पाहिले आणि राजपुत्र खरोखरच ओळखीचा दिसू लागला. सावलीच्या जन्माची कथा मला नवीन होती. आता पहिल्यापासून पुन्हा खेळावे असे वाटते, पण एक शंका आहे. सारी कोडी आणि वाटा आता ठाऊक आहेत, आणि ६० मिनिटे सलग बसणेही जमेलच असे नाही. अशा स्थितीत काय करावे?

प्रतिसाद २ देणाऱ्याचे उत्तर

वाट ठाऊक असणे आणि ती वेळेत पार करणे यांत बरेच अंतर आहे, त्यामुळे खेळ पुरेसा कठीण राहील. सलग बसण्याची गरज नाही. डॉस आवृत्तीत तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी या कळा एकत्र दाबून खेळ जतन करता येतो आणि उरलेली मिनिटेही त्यात नोंदली जातात. इम्युलेटरची सोय बंद ठेवून एवढीच वापरा. तिसऱ्या प्रतिसादातील वेळेची अडचण रास्त आहे. ती यातून सुटते आणि घड्याळाचा धाकही कायम राहतो. पहिल्या दोन लेव्हल घाईने उरकू नका. तिथे जागच्या जागी मारलेली उडी किती लांब जाते आणि धावत मारलेली किती, हे डोळ्यांत बसू द्या, कारण ही अंतरे शेवटपर्यंत बदलत नाहीत. आणि सांगाडा तलवारीने मरत नाही, हे लक्षात असू द्या. त्याला मागे रेटत नेऊन खड्ड्यात पाडावे लागते.