टोल नसलेली वाट

अंतराळात सोडलेल्या मोटारीवर लोकांनी केलेले विनोद वाचून पोट धरून हसलो, पण आमच्या कोल्हापूरचा एक राहिलाच. ६ फेब्रुवारी २०१८ ला स्पेसएक्सच्या फाल्कन हेवी या नव्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात टेस्लाची रोडस्टर ही लाल मोटार वर गेली. त्या आठवड्यात मी उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये गाडी दाखवायला गेलो होतो. मिस्त्रींनी ग्रीसचे हात चिंधीला पुसत माझ्या मोबाइलवर बघितलं: एक हात स्टिअरिंगवर, दुसरं कोपर दारावर टेकवून बसलेला स्पेससूटमधला पुतळा, मागं निळी पृथ्वी. म्हणाले, "भावा, टोल न्हाई म्हनून त्या वाटंनं गेलाय त्यो!" टोलविरोधात रस्त्यावर उतरलेल्या गावालाच हे सुचणार.

मोटार वर पाठवणं म्हणजे 'पैशाची नासाडी' असं काहीजण म्हणतात, ते मात्र मला अजिबात पटत नाही. नवं रॉकेट पहिल्या उड्डाणात फुटू शकतं, म्हणून एरवी वजनाला काँक्रीटचे ठोकळे ठेवतात. ठोकळ्याकडं कोण बघणार होतं? मोटार होती म्हणून गॅरेजमधली पोरंसुद्धा काम टाकून जमली.

आणि काहींना वाटतं तशी ती मोटार मंगळावर उतरलेली नाही. मंगळाची कक्षा ओलांडून परत आत येते, साधारण ५५७ दिवसांत सूर्याभोवती एक फेरी. हे सांगितल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "मग सर्व्हिशिंगला कवा येनार?"