मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गिटारची पहिली तार दर वेळी ब्रिजवरच तुटते

खारा वारा:

नमस्कार मंडळी. मी मालवणला असतो, हळदी-लग्नांच्या ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतो. प्रश्न एका तारेचा आहे, पण तिने जेरीस आणलंय.

गिटार स्ट्रॅट पद्धतीची. तार मागून घालायचा ट्रेमोलो ब्रिज, म्हणजे दांड्याने हलणारी घोडी, त्यावर पत्रा वाकवून केलेली सहा सॅडल, म्हणजे एकेक तार टेकते ते तुकडे. तारांचा नऊचा सेट (पहिली तार ०.००९ इंच जाड), ट्यूनिंग नेहमीचं. तुटते ती बहुतेक वेळा पहिली, क्वचित दुसरी, आणि तुटते ती ब्रिजवरच. मधे नाही, वर खुंटीपाशी नाही. मागचं झाकण काढूनच ठेवलंय, त्यामुळे गिटार उलटी केली की टोकाला धातूचा मणी (बॉल) असलेला आखूड तुकडा हातात पडतो. परवाचा तुकडा उजेडात धरून नीट पाहिला. तुटल्या जागी तार किंचित चेपलेली आहे आणि तिथेच तपकिरी ठिपका. तोच तुकडा परत ब्रिजमध्ये घातला तर ती जागा बरोबर सॅडलच्या माथ्यावर येते, जिथून तार खाली वळते.

तारा जुन्या असतात असंही नाही. दुपारी चढवलेली तार रात्री कार्यक्रमात गेली आहे. पिक जाड वापरतो, सोलोमध्ये पूर्ण स्वराचे बेंड, म्हणजे तार आडवी ओढून स्वर चढवणं, भरपूर. ट्रेमोलोच्या दांड्याला हात लावत नाही.

घर दांडीच्या किनाऱ्याजवळ. इथे दाराच्या कड्या, सायकलची चेन, काहीच गंजल्याशिवाय राहत नाही, त्यामुळे संशय हवेवरही आहे. जिथून गिटार घेतली तिथे विचारलं तर "भारीतल्या, महाग तारा लावा" एवढंच उत्तर मिळालं. लावल्या. खर्च वाढला, तुटणं तसंच.

एक तार गेली म्हणजे एकच तार गेली असं ट्रेमोलोत होत नाही, हे वाजवणाऱ्यांना माहीत आहे. ताण कमी झाला की मागच्या स्प्रिंगा ब्रिज ओढून घेतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. गायिका एका सुरात, माझी गिटार दुसऱ्याच. तिची यात काही चूक नसताना लोक तिच्याकडे बघतात, ते मला फार लागतं.

आता नारळी पौर्णिमा झाली की गणपती, मग लगेच नवरात्र. गिटार दुरुस्तीला गोव्याला पाठवली तर कधी हातात येईल भरवसा नाही. घरी करण्यासारखं काही आहे का? दहाचा, म्हणजे जरा जाड तारांचा सेट लावल्याने फरक पडेल का?

रेडी बंदर:

आमच्याकडे वेंगुर्ल्यालाही हीच रड होती. दहाचा सेट लावा आणि सॅडलवर पेन्सिलीचं शिसं घासा, तार सरकती राहते. वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा पुसायच्या, वरून आणि खालून पण. खालून कोणी पुसत नाही.

वर्कशॉप:

लोट्याच्या एमआयडीसीत टूलरूमला आहे, गिटार हौस म्हणून. तुमचं वर्णन इतकं स्वच्छ आहे की अर्धं निदान तुम्हीच केलंय. एकच तार, एकच जागा, चेपल्याची खूण, म्हणजे सॅडलला बर आहे. पत्रा कापताना-वाकवताना कडेला धातूची बारीक धार राहते, किंवा वर्षानुवर्षं तार घासून खाच पडते आणि त्या खाचेचे काठ धारदार होतात. नऊच्या सेटची पहिली तार जेमतेम ०.२३ मिलिमीटर जाड. तिला एवढीशी धारही पुरते.

दहाच्या सेटने मूळ दुखणं जाणार नाही. तार जाड झाली की तोच स्वर मिळवायला ताणही तेवढाच वाढवावा लागतो. नऊच्या पहिल्या तारेवर साधारण ६ किलो, दहाच्या तारेवर सव्वासात. पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार दोन्हींत सारखाच. जाड तारेला लहान ओरखडा थोडा कमी जाणवतो, इतकाच फायदा. हाच भार दुसऱ्या तारेच्या मानाने पहिलीवर पावणेदोन पट असतो, म्हणून आधी ती जाते. पूर्ण स्वराचा बेंड घेतलात की त्यात आणखी पाव हिस्सा भर.

आधी खात्री करा. तार काढा आणि सॅडलच्या माथ्यावरून, तार ज्या छिद्रातून येते त्याच्या कडेवरूनही, कापसाचा बोळा हलके फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे बर. डोळ्याला दिसत नाही ते कापसाला कळतं.

मग पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकांवर, चिकटपट्टी लावा. हे विसरू नका, लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही. सॅडल काढणार असाल तर आधी फोटो घ्या आणि मागचा स्क्रू किती बाहेर आहे ते मोजा, नाहीतर तारेची लांबी बदलून बाराव्या फ्रेटवरचा (पडद्यावरचा) स्वर बिघडेल. जुन्या चौथ्या किंवा पाचव्या तारेचा तुकडा घेऊन खाचेतून मागेपुढे ओढा, गुंडाळीची तार असल्याने ती बारीक कानशीचं काम करते. त्यानंतर रंगाच्या दुकानात मिळतो तो वॉटर पेपर (बारीक पॉलिश पेपर), आधी ६०० नंबर, मग १०००. त्याची चिंचोळी पट्टी कापून सॅडलच्या माथ्यावरून बूट पुसतात तशी ओढायची. खाच खोल करायची नाही, फक्त काठ गोल करायचे. पुन्हा कापूस फिरवा. अडकला नाही की थांबा.

रेडी बंदर:

आणि मग वर पेन्सिल ना?

वर्कशॉप:

किनाऱ्यावर मी नको म्हणेन. घासताना क्रोमचा थर निघतो आणि खालचं पोलाद उघडं पडतं. त्यावर ग्रॅफाइट आणि खारा ओलावा एकत्र आले की गंजाला मदतच होते. घाटावर पेन्सिल चालेल, इथे शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब काडीच्या टोकाने लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. कायमचा उपाय म्हणजे स्टेनलेसची सॅडल.

हवेचा संशयही खरा आहे, पण ती तारेला कमजोर करते, कापत नाही. मिठाला हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाणी सुटतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाहा. तोच क्षार घामातून आणि वाऱ्यातून तारेवर बसलेला असतो. चेपल्या जागी तारेचा कल्हईसारखा पातळ थर आधीच गेलेला, म्हणून ठिपका नेमका तिथे.

जवारी:

गिटार वाजवत नाही, तानपुऱ्याची माणूस आहे, पण राहवलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे घोडीवर तार कशी टेकते यावरच सगळं असतं, मिरजेचे कारागीर जवारी लावायला, म्हणजे घोडीचा माथा घासून स्वर जुळवायला, बसले की घाई करत नाहीत. तुम्हीही दोन-चार हात मारा, तार चढवून ऐका, मग पुढे. जास्त सपाट झालं तर सुटी तार झणझणू लागेल.

खारा वारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. कापूस अडकला! पहिल्या सॅडलच्या माथ्यावर डाव्या काठाला, आणि दुसऱ्याला अगदी किंचित. वर्कशॉप दादांनी सांगितलं तसंच दोन्ही घासले, जवारी ताई, तुमचं ऐकून मधे मधे तार चढवून पाहिली. झणझण नाही. त्यानंतर देवबागला हळदीचा कार्यक्रम झाला, बेंड नेहमीसारखे घेतले, तार शाबूत. एका रात्रीवरून निकाल लावत नाही, पण उतरवून पाहिली तर चेपल्याची खूणही नाही, याचा आनंद जास्त आहे.

गणपतीनंतर स्टेनलेसची सॅडल मागवेन. पहिल्या तारेच्या मध्यापासून सहावीच्या मध्यापर्यंत ब्रिजवर ५२.५ मिलिमीटर भरतात. हे माप सांगून चालेल?

वर्कशॉप:

हो. ५२.५ म्हणजे नव्या पद्धतीचा अरुंद ब्रिज, जुन्या पद्धतीचा ५६ असतो. त्याची सॅडल रुंद, तुमच्यात बसणार नाहीत. उंचीच्या बारीक स्क्रूंची लांबीही विचारून घ्या, फार लांब असतील तर वर डोकावतात आणि तळहाताला टोचतात. आत्ताची सॅडल फेकू नका, तेलाचा हात फिरवून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. ऐन कार्यक्रमात स्क्रू निकामी झाला तर हीच उपयोगी पडतील.